तापी खोऱ्यात पाणी मोजायचं काम: नव्याने येणाऱ्यांसाठी

या क्षेत्रात नवीन आलेली मुलं पहिल्याच आठवड्यात उपग्रहाची चित्रं उघडून बसतात. बसा, पण आधी एक विहीर मोजा. ग्रेस या गुरुत्वाकर्षण मोजणाऱ्या उपग्रहांना भूजलातली घट कळते हे खरं, पण त्यांना लाखभर चौरस किलोमीटरहून लहान प्रदेश वेगळा दिसत नाही. आपलं अख्खं तापी खोरं ६५,१४५ चौ.किमी. त्यात रावेर तालुका शोधायला गेलात तर हाती काही लागायचं नाही.

विहीर मोजणं दिसतं तितकं सरळ नाही. टेपच्या टोकाकडच्या भागाला खडू घासायचा, टेप सोडायचा, वर ओढून खडू कुठवर भिजला ते वाचायचं. पातळी जमिनीपासून हवी, म्हणून कठड्याची उंची वजा करायची. आणि या सगळ्याआधी विचारायचं, मोटर कधी बंद केली? शेतीची वीज रात्रपाळीला असेल तर सकाळी विहीर नुकतीच उपसलेली असते. तेव्हाची पातळी भूजलाची म्हणून लिहिली की पुढचं सगळं गणित वाया. शिरपूर-साक्रीकडे “दादा, पानी कितलं शे?” एवढी अहिराणी आली तरी शेतकरी मोकळा होतो; विहिरीच्या आत आडवे बोअर किती मारलेत, शेजारची विहीर कधी आटली, सगळं सांगतो. हे कुठल्याच तक्त्यात नसतं.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरला मोजते. मे ते ऑक्टोबर पातळी किती चढली, यावरून पुनर्भरण, म्हणजे पावसाळ्यात जमिनीत मुरलेलं पाणी, काढतात. पण चढलेले मीटर म्हणजे पाणी नव्हे. साक्रीकडच्या बेसाल्टात (काळ्या खडकात) विशिष्ट उत्पन्न, म्हणजे भिजलेल्या खडकातून निथळून मिळणाऱ्या पाण्याचा वाटा, २ टक्के धरलं, तर एक चौ.किमी.त ४ मीटर चढ म्हणजे ०.०८ दलघमी (दशलक्ष घनमीटर). यावल-रावेरच्या गाळाच्या थरात १० टक्के धरलं, की तेवढ्याच चढाला ०.४ दलघमी. पाचपट! खडक न बघता सरासरी काढणाऱ्यांचा मला राग येतो.

नदीचं मोजमाप त्या मानाने सोपं. केंद्रीय जल आयोगाची गिधाडे, सारंगखेडा अशी केंद्रं आहेत. प्रवाहाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ गुणिले वेग. फक्त वरचं हतनूर धरण आणि मधले बॅरेज ध्यानात ठेवा, नाहीतर अडवलेलं पाणी आटलं म्हणून मोजाल. एक टीएमसी (अब्ज घनफूट) म्हणजे २८.३ दलघमी, हे तोंडपाठ हवं.

खरी गोम आहे ती खर्ची पडलेल्या पाण्यात. उपसलेलं सगळं पाणी खोऱ्यातून जात नाही. पाटाने पाणी दिलेल्या केळीखालून बरंच जमिनीत मुरतं, पुन्हा विहिरीत येतं. हवेत गेलं ते मात्र गेलं. ठिबकने उपसा घटतो, पण केळीच्या पानांतून उडणारं पाणी फारसं घटत नाही, मुरणारं घटतं. वाचलेल्या पाण्यावर आणखी बाग लावली, तर शेतात बचत आणि खोऱ्यात तूट. ठिबक वाईट नाही. जमाखर्च कुठल्या हद्दीत मांडता ते बघा.

म्हणून शेतकऱ्याला उपसा विचारू नका, तो अंदाजेच सांगणार. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली केळी) किती, कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावलेली) किती, ठिबकच्या आधी केळीची खोडं किती होती आणि आता किती, हे विचारा; हवेत किती पाणी जातं ते त्यावरून कळतं. खोडांचा हिशेब त्याला पक्का ठाऊक असतो.