अण्णांची डिसॅबिलिटी पेन्शन: रिजेक्ट ते मंजूर

अण्णा फौजेतून बीपी घेऊन घरी आले, मेडिकल बोर्डाने ३०% अपंगत्व लिहिलं पण पुढे शेरा मारला की आजार सर्व्हिसमुळे नाही, झालं, क्लेम रिजेक्ट. ते पत्र भांडुपला चार महिने गणपतीच्या फोटोमागे खोचलेलं, पहिलं अपील सहा महिन्यांत करायचं असतं हे कुणाला माहीत! धावपळ करून केलं, तेही फेटाळलं. मग बोर्डाचे कागद मागवले, भरतीच्या मेडिकलमध्ये बीपीची नोंदच नव्हती. तिथेच गोम. सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा धरमवीर सिंग निकाल हेच सांगतो, भरतीला नोंद नसेल तर आजार सर्व्हिसमधलाच धरायचा, तसा नाही, हे खात्याने सिद्ध करायचं. तो जोडून मुंबईच्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणात गेलो, मंजूर झालं, वर राउंडिंगने, म्हणजे टक्केवारी वरच्या टप्प्याला धरायच्या नियमाने, ३० चे ५० टक्के.