ओल भिंतीतली की खोलीतली?

भिंतीला ओल दिसली की लगेच वॉटरप्रूफिंगवर पैसे घालू नका. आधी ती येते कुठून ते बघा.

पोपडे खरवडून जागा पुसून घ्या. त्यावर हातभर अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. ओल्या गिलाव्यावर पट्टी सुटते, म्हणून कडा कोरड्या भागावर येतील एवढा तुकडा घ्या. ४८ तासांनी बघा.

थेंब खोलीकडच्या बाजूला असतील, तर खोलीतलीच वाफ गार भिंतीवर बसते आहे: खिडकी उघडी ठेवा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

फॉइलची मागची बाजू ओली निघाली, तर पाणी भिंतीतूनच येतंय. गळका पाइप किंवा बाहेरची भेग शोधा.

स्विचबोर्डजवळ फॉइल अजिबात लावू नका. तिथली ओल इलेक्ट्रिशियनलाच दाखवा.