रविवारचं वाचन आठवडाभर: आगमनकाळ घरी कसा पाळावा

डिसेंबर लागला की आमच्या वसईत घरोघरी तारे टांगले जातात आणि भेटेल तो विचारतो, "झाली का नाताळाची तयारी?" विचारणाऱ्याच्या मनात असतात नवे कपडे, कुलकुल, नेवऱ्या आणि घराचा रंग. या धांदलीत आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचा चार रविवारांचा तयारीचा काळ, कधी आला नि गेला ते कळत नाही. मी धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. मुलांचे आईबाप दरवर्षी विचारतात, "घरी नेमकं करायचं काय?" माझं सांगणं एवढंच की रविवारी मिस्सात (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) जी वाचनं ऐकली, तीच घरी बायबलमध्ये उघडा आणि पुढचा रविवार येईपर्यंत सोडू नका. बाकी सगळं त्याच्या सोयीसाठी.

आधी कॅलेंडर बघा. ३० नोव्हेंबर हा संत अंद्रियाचा सण. त्याच्या सर्वांत जवळच्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो. रविवार नेहमी चारच, पण दिवस सारखे नसतात. नाताळ सोमवारी आला तर हाताशी जेमतेम २२ दिवस, रविवारी आला तर पुरे २८. २०२६ मध्ये सुरुवात २९ नोव्हेंबरला आहे आणि त्या दिवसापासून मार्कच्या शुभवर्तमानाचं (येशूच्या चरित्राच्या पुस्तकाचं) वर्ष लागतं. (मत्तय, मार्क, लूक असं तीन वर्षांचं चक्र फिरत असतं.) सोळा अध्यायांचं हे सर्वांत छोटं शुभवर्तमान. त्यात येशूच्या जन्माची गोष्टच नाही, म्हणून जन्मकथेसाठी लूककडे जावं लागतं. मुलांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती मार्कमध्ये गोठा शोधत बसतात.

चार रविवारांच्या चार मेणबत्त्यांचं चक्र घरी करता येतं. बाजारातलं प्लॅस्टिकचं मला आवडत नाही. हॅम्बुर्गमध्ये योहान विखेर्न या लुथरन पाळकाने १८३९ साली आपल्या आश्रमातल्या गरीब मुलांसाठी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, तिथून ही रीत पुढे सगळ्या पंथांत पसरली. म्हणजे मुळातच ती हाताशी असेल त्यातून निघालेली आहे. आम्ही स्टीलच्या परातीत ओली वाळू पसरतो, केळीचं वाळकं सोपट पिळून कडं करतो आणि त्याला सुरूच्या डहाळ्या बांधतो. सुरू लवकर वाळतो आणि वाळला की भुरकन पेटतो, म्हणून डहाळ्या दर शनिवारी बदलायच्या आणि ज्योत त्यांच्यापासून चांगली वीतभर वर ठेवायची. तीन मेणबत्त्या जांभळ्या, एक गुलाबी. गुलाबी लावायची तिसऱ्या रविवारी, कारण तो आनंदाचा रविवार. रंगीत मेणबत्त्या मिळाल्या नाहीत तर पांढऱ्यांना त्या त्या रंगाची फीत बांधा.

वेळ ठरवा आणि मोडू नका. आमच्याकडे साडेसात, कारण माझे यजमान फुलं घेऊन पहाटेच्या गाडीने दादरला जातात आणि लवकर झोपतात. टीव्ही बंद, पंखाही बंद. एकाने मेणबत्ती पेटवायची, दुसऱ्याने वाचायचं. मग दोन मिनिटं कुणी काही बोलायचं नाही. सुरुवातीला मुलं चुळबुळतात, आठवड्याभरात बसायला लागतात. त्यानंतर प्रत्येकाने कानात राहिलेला एकच शब्द सांगायचा. अर्थ सांगायची घाई मोठ्यांनी करू नये, कारण मुलं जे धरतात ते आपल्याला सुचलेलंही नसतं. शेवटी रोझरीचं (जपमाळेचं) एक दशक, म्हणजे दहा मणी, आणि घरातल्या आजारी माणसाचं नाव घेऊन प्रार्थना. सगळं मिळून वीस मिनिटं.

मार्कच्या वर्षात पहिल्या रविवारी त्याचा १३वा अध्याय येतो. घरधनी परदेशी गेलाय, तो कधी परत येईल ठाऊक नाही, म्हणून द्वारपाळाने जागं राहायचं. संध्याकाळी, मध्यरात्री, कोंबडा आरवताना की सकाळी, असे रात्रीचे चार प्रहर तिथे मोजले आहेत. अंधारात उठून फुलांच्या करंड्या बांधणाऱ्या माणसाला ते चार प्रहर समजवावे लागत नाहीत. तुमच्या घरात रात्रपाळीची नर्स किंवा पहाटे गाडी पकडणारं कुणी असेल, तर हे वाचन त्यांनाच वाचू द्या. दुसऱ्या रविवारचा जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याचा ४०वा अध्याय आणि तिसऱ्याचा ६१वा पाठोपाठ घ्या. ४०व्यातला अरण्यात ओरडणारा आवाज मार्कने पहिल्याच अध्यायात बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला लावला आहे. मुलांना एक बोट यशयात आणि दुसरं मार्कमध्ये ठेवायला सांगा. जुना आणि नवा करार कसे बोलतात एकमेकांशी, ते त्यांना बोटांनीच कळतं.

१७ डिसेंबरपासून मात्र चाल बदलते. या दिवसांना रोजची स्वतःची वाचनं आहेत आणि ती चुकवू नयेत. १७ला मत्तयाच्या शुभवर्तमानातली येशूची वंशावळ येते. फादर वाचू लागले की चर्चमध्ये निम्मे लोक इकडेतिकडे बघतात. मला ती फार प्रिय आहे. आमच्याकडे त्या संध्याकाळी सगळे कुलकुल वळायला बसतात. काट्यावर पिठाची गोळी दाबून गुंडाळायची आणि एकाने मोठ्याने नावं वाचायची. बाईचं नाव आलं की हात थांबवायचे. तामार, राहाब, रूथ, मग नाव न घेता उरीयाची बायको आणि शेवटी मरिया. पुरुषांच्या एवढ्या लांब यादीत या पाच जणी का, हे मुलांना विचारा. रूथचं पुस्तक चारच अध्यायांचं आहे, ते त्याच आठवड्यात पुरं करा. ती परमुलखातली विधवा, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून सासूला जगवते. भातकापणीनंतर सरवा वेचलेल्या बाया आमच्या गावात अजून आहेत. माझ्या सासूबाई रूथ ऐकताना मध्येच थांबवून स्वतःचं सांगू लागतात आणि मी पुस्तक मिटून ठेवते.

१८ला योसेफाचं स्वप्न. १९पासून लूकचा पहिला अध्याय तुकड्यातुकड्याने येतो: मुका झालेला जखऱ्या (योहानाचा बाप), मरियेला देवदूताचा निरोप, एलिझाबेथची भेट, मरियेचं स्तुतिगीत, योहानाचा जन्म. स्तुतिगीत मुलांकडून पाठ करून घ्या आणि शेजारी शमुवेलच्या पहिल्या पुस्तकातलं त्याच्या आईचं, हन्नाचं गीत, दुसरा अध्याय, ठेवा. दोघींचे शब्द किती जवळचे आहेत ते थोरांनाही चकित करतं. याच दिवसांत, १७ ते २३, चर्च सायंप्रार्थनेत ख्रिस्ताला रोज एका नावाने हाक मारतं: ज्ञान, प्रभू, इशायाचं मूळ, दावीदाची किल्ली, उगवता प्रकाश, राष्ट्रांचा राजा, इम्मानुएल. रोज एक नाव चिठ्ठीवर लिहून चक्राला बांधा. उगवता प्रकाश येतो २१ला, जेव्हा रात्र सर्वांत मोठी असते.

चर्चमध्ये डोळे उघडे ठेवा. रविवारी ग्लोरिया (देवाच्या गौरवाचं गीत) गात नाहीत, फुलं बेताची, फादरांचा झगा जांभळा. ८ डिसेंबरला मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण असतो, त्या दिवशी मात्र ग्लोरिया ऐकू येतो. कुमसार, म्हणजे फादरांकडची पापकबुली, शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. रांग लांब असते, फादर थकलेले असतात आणि आपणही गडबडीत बोलतो. दुसऱ्या आठवड्यातच जा, वाटेत एखाद्या म्हाताऱ्या शेजारणीला सोबत घ्या. १६पासून नाताळाची नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) असते. रोज जमत नसेल तर तीच प्रार्थना घरी करा.

गोठ्यासाठी, म्हणजे येशूच्या जन्माच्या देखाव्यासाठी, गहू किंवा नाचणी साधारण १२–१३ तारखेला ताटलीत पेरा, म्हणजे नाताळापर्यंत हिरवळ बोटभर वाढते. गव्हाणी रिकामीच मांडा. शेजारी भाताचा पेंढा ठेवा. ज्याने त्या दिवशी कुणासाठी काही केलं असेल त्याने काय केलं ते न सांगता एक काडी गव्हाणीत टाकायची. बाळ येशू २४च्या रात्री, मिस्साहून आल्यावर ठेवायचा. त्याच रात्री जांभळ्या मेणबत्त्या काढून पांढऱ्या लावा. आणि गोठा २६ला आवरू नका. नाताळकाळ प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो, तोवर साडेसातची बैठक चालू ठेवून लूकचा दुसरा अध्याय वाचा.