नाशिकला राहायला यायचंय? मग आधी मे महिन्यात या

दर डिसेंबरात मला एक ठरलेला फोन येतो. डोंबिवलीचं किंवा ठाण्याचं कुणीतरी शनिवार-रविवार नाशिकला येऊन गेलेलं असतं. मिसळ खाऊन झालेली असते, गंगापूर धरणाच्या बाजूला वाईनरीत चक्कर झालेली असते, पहाटे शाल पांघरावी लागलेली असते. कसारा घाट उतरता उतरताच फोन येतो, "अगं, आम्ही नाशिकलाच शिफ्ट व्हायचं म्हणतोय. काय हवा आहे गं!"

हवा छानच असते, डिसेंबरात. आम्हीही डोंबिवलीहून तिलाच भुलून आलो. 2017 च्या जानेवारीत पाथर्डी फाट्याजवळ घर पाहिलं, मुलाची परीक्षा संपल्यावर सामान हलवलं. चौथा मजला, वर थेट गच्ची, हॉल पश्चिमेला. घरमालक काका कौतुकाने म्हणाले होते, "सूर्यास्त दिसतो बरं का हॉलमधून." दिसायचा ना. दुपारी दोनपासून सात वाजेपर्यंत दिसायचा.

म्हणून आता जो विचारेल त्याला मी एकच सांगते: घर पसंत करायला हिवाळ्यात येऊ नका. मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात या, हॉटेलात नाही तर कुणाच्या तरी घरी चार दिवस राहा, आणि जमलं तर वरच्या मजल्यावर राहा. मुंबईकरांच्या डोक्यात नाशिक म्हणजे थंड हवेचं गाव असं पक्कं बसलेलं असतं. शहर समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे रात्री खरंच निवतं, हे नाकारत नाही. पण एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो, कधी ओलांडतोही. आणि हे ऊन आपल्या ओळखीचं नसतं. डोंबिवलीत घाम गळतो, त्यामुळे आपण तापलोय हे कळतं. इथे हवा कोरडी, घाम आला आला म्हणेपर्यंत वाळतो. आपल्याला वाटतं, काही विशेष गरम होत नाहीये. पहिल्याच मेमध्ये लेक खेळून घरी आला आणि त्याचा घोळणा फुटला. शर्टावर रक्त बघून माझे हातपाय गळाले. शेजारच्या आजींनी त्याला पुढे वाकवून बसवलं, नाक चिमटीत धरायला लावलं, कपाळावर ओलं फडकं ठेवलं आणि मलाच विचारलं, "पाणी किती प्यायला होता सकाळपासून?" मला सांगता येईना.

तर मेमध्ये आलात की काय बघायचं? दुपारी चार वाजता पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावा. मग रात्री दहाला त्याच भिंतीला परत लावा. दहा वाजताही ती ऊबदार असेल तर त्या खोलीत झोपायचा विचार सोडा. बाहेर झुळूक सुटलेली असते आणि आत भिंत आणि स्लॅब दिवसभर खाल्लेलं ऊन ओकत असतात. नाशिकच्या थंड रात्रीचा फायदा त्या घराला मिळतच नाही. नंतर नळ सोडा. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी इतकं तापतं की हात धुवायची सोय नाही. आम्ही पहाटे पाचला उठून आंघोळीच्या बादल्या भरून ठेवायचो. टाकीवर पत्र्याची सावली आहे का, गच्चीला पांढरा रंग किंवा चुना मारलाय का, हे जिना चढून स्वतः बघा. "आहे ना, आहे" यावर विसंबू नका.

एसीशिवाय भागतं का, हेही सगळे विचारतात. मधल्या मजल्यावर, पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या घरात कूलरवर झकास भागतं. आम्ही 2019 पासून इंदिरानगरला दुसऱ्या मजल्यावर आहोत, अजून एसी घेतलेला नाही. कोरड्या हवेत कूलर चालतो तसा मुंबईत कधी चालणार नाही. फक्त दोन गोष्टी. त्याच्यासमोरची खिडकी उघडी ठेवायची, नाहीतर खोलीची न्हाणी होते. आणि तो पाणी पितो, आमचा दिवसाला चार बादल्या. जूनमध्ये ढग आले की त्याला गुंडाळून माळ्यावर टाकायचा, मग त्याचा उपयोग शून्य. उन्हाची एक चांगली बाजूही सांगते. सासूबाईंच्या कुरडया डोंबिवलीच्या बाल्कनीत तीन दिवस चिकट राहायच्या. इथे सकाळी घातल्या तर संध्याकाळी डब्यात भरता येतात. त्या दिवसापासून सासूबाई नाशिकच्या बाजूने आहेत.

पाण्याचं म्हणाल तर शहराचं बरंचसं पाणी गंगापूर धरणाचं. पश्चिमेला त्र्यंबक-इगतपुरीकडे पाऊस धो धो कोसळतो, तोच पूर्वेला सिन्नर-येवल्याकडे पोहोचेपर्यंत आटतो, आणि शहर मध्ये. वरच्या धरणांतलं पाणी खाली मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणालाही सोडावं लागतं, त्यावरून दर कमी पावसाच्या वर्षी भांडण ठरलेलं. अशा वर्षी महापालिका आठवड्यातला एखादा दिवस पाणी बंद ठेवते. ते सोसवतं. खरा फरक सोसायटी-सोसायटीत असतो. ब्रोकरला विचारू नका, वॉचमनला विचारा: "मामा, मेमध्ये टँकर किती येतात?" आमच्या एका ओळखीच्यांनी विचारलं नाही. शहराबाहेरच्या नव्या स्कीममध्ये फ्लॅट घेतला, बोअर मार्चमध्येच आटली, आणि मेंटेनन्सच्या पावतीत टँकरची वेगळी ओळ आली.

त्या नव्या स्कीमच्या जाहिरातीत 'द्राक्षबागेचा व्ह्यू' असंही लिहिलं होतं. बाग शेजारी असणं सुंदरच. पण ऑक्टोबर छाटणीनंतर ढगाळ हवा आली की डावणी-भुरी या द्राक्षावरच्या रोगांच्या धास्तीने बागाईतदार फवारणीला लागतात. ट्रॅक्टरवरचा ब्लोअर भल्या पहाटे घरघरतो, औषधाचा वास घरात येतो. खिडक्या लावून बसायचं. तक्रार कुणाकडे करणार? बाग आधी होती, आपण नंतर आलो. घरात दमेकरी असेल तर बागेपासून चार गल्ल्या आत घर घ्या.

आणि 'स्वस्तात फार्महाऊस प्लॉट' म्हणून कुणी आडगाव-मखमलाबादच्या पुढे नेऊन शेत दाखवलं तर चहा प्या आणि परत या. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला तुम्ही मुळात शेतकरी असावं लागतं. सातबारा, एनएचा (बिगरशेतीचा) आदेश, रस्ता, हे सगळं वकिलाला दाखवल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नये.

हे शहर शेतीवर चालतं, हे बाहेरून येणाऱ्याच्या लवकर लक्षात येत नाही. माझ्या लक्षात आलं ते भाजीवालीमुळे. पहिल्या-दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये एका संध्याकाळी अचानक आभाळ आलं, टपोरा पाऊस आणि हरभऱ्याएवढ्या गारा. मी डोंबिवलीच्या सवयीने म्हटलं, "किती छान वाटतंय ना! आज भजी करते." ताईंनी पालकाच्या जुड्यांवर गोणपाट ओढलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भावाचा बाग उद्या तुटायचा होता." काढणीला आलेल्या द्राक्षाच्या मण्यांना पाणी लागलं की ते तडकतात, वर्षभराचा खर्च एका संध्याकाळी जातो. तेव्हापासून इथे अवेळी पाऊस आला की मी तोंड बंद ठेवते.

मी चार-पाच दुकानांचे हिशेब लिहिते, त्यामुळे हे मला वहीतही दिसतं. दिंडोरी रोडला पाइप आणि ठिबकचं सामान विकणारे एक गिऱ्हाईक आहेत. 2023 च्या डिसेंबरात कांद्याची निर्यातबंदी झाली, ती पुढच्या मेपर्यंत टिकली. त्या महिन्यांत त्यांच्या उधारीचं पान भरून मागच्या बाजूला गेलं. लासलगाव, पिंपळगावच्या लिलावात भाव पडला की चार दिवसांत त्याची झळ शहरातल्या कापडवाल्याला, सोनाराला, दुचाकीच्या शोरूमला पोचते. तेव्हा नोकरी सोडून इथे दुकान टाकायचा विचार असेल तर पहिल्या वर्षाचं भांडवल दोन वर्षं पुरेल असं धरून चाला.

नोकरीचा हिशेब सोपा आहे, पण लोक तो शेवटी करतात. आम्ही डोंबिवलीत 16 हजार भाड्यात वन बीएचकेमध्ये होतो, इथे 11 हजारांत टू बीएचके मिळालं. मात्र ह्यांना अंबड एमआयडीसीत जो पगार मिळाला तो मुंबईच्या रुपयाचे बारा आणे. कारखान्यातलं काम असेल तर सातपूर, अंबड, सिन्नर मिळून बरीच दारं ठोठावता येतात. कॉम्प्युटरवरचं मोठ्या पगाराचं काम असेल तर ते घरून करायची परवानगी कागदावर घेऊनच या, साहेबाच्या तोंडी शब्दावर नाही.

"नाशिकला राहू, मुंबईला अप-डाऊन करू" असंही काही जण म्हणतात. ह्यांनी नोकरी बदलण्याआधी चार महिने ते केलं. सकाळची पंचवटी एक्सप्रेस, नाशिक रोडहून मुंबई साडेतीन तासांच्या घरात, संध्याकाळी तेवढेच परत. शिवाय घर ते स्टेशन वेगळं. डब्यातल्या पासवाल्यांची मैत्री, वाढदिवस, भजन, सगळं खरं आहे. पण लेक बापाला फक्त रविवारी उजेडात बघायचा. 2025 च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, त्यामुळे घाट सुसह्य झाला. भिवंडीच्या पुढची गर्दी आहे तिथेच आहे. आठवड्यातून एकदा जायचं असेल तर जमेल. रोज नको. पुण्याला तर थेट रेल्वेमार्गच नाही, सिन्नर-संगमनेर करत रस्त्यानेच जायचं.

बाकी शाळा, दवाखाने, बाजार, कशाला काही कमी नाही, त्यावर शब्द घालवत नाही. शहरात लोकल नाही, सिटीलिंकची बस आहे, पण घरात एक दुचाकी हवीच. थंडीत निफाडकडे पारा चार-पाच अंशांवर येतो, शहरातही गीझर आणि जाड रजई लागते. आणि 2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्याची कामं चालू आहेत. पंचवटी, रामकुंडाच्या आसपास घर बघत असाल तर तो पार पडेपर्यंत तिथे घाई करू नका. पावसाळ्यात गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी चढलं, यावर अख्खं शहर पूर मोजतं. नदीकाठचं घर घेताना तुम्हीही तीच मोजपट्टी लावा: मारुतीच्या कमरेला पाणी लागतं तेव्हा या गल्लीत काय होतं, हे समोरच्या किराणावाल्याला विचारा.

यंदाचा डिसेंबरचा फोन माझ्या धाकट्या दिरांचा होता. "वहिनी, ठरलंच समजा, फ्लॅट बघून ठेवा." मी म्हटलं, "भाऊजी, फ्लॅट नाही बघत, तुमची मेमधली तिकिटं तेवढी बघा." जाऊबाईंना यायचंय, भाऊजींचं ऑफिस परळला आहे, त्यामुळे ठरलंच असं काही नाही. येणार आहेत 8 मेला, पाच दिवस. त्यांच्यासाठी मी आमच्याच बिल्डिंगमधला वरच्या मजल्यावरचा रिकामा फ्लॅट मागून ठेवलाय, हॉल पश्चिमेचा. गाद्या आमच्याकडे आहेत. रात्री आत झोप लागली नाही तर गच्ची आहेच, मच्छरदाणी मात्र येताना घेऊन या म्हणून सांगितलंय.