काळ्याने सिसिलियन जिंकताना: सी३ वरचा हत्तीबळी

पत्रव्यवहार बुद्धिबळात (चाली एकमेकांना पाठवून, दिवसांच्या मुदतीत खेळतात ते) काळ्या मोहऱ्यांनी विजयासाठी खेळायचे तर सिसिलियन बचावातला (१. ई४ ला सी५ हे उत्तर) ड्रॅगन हा प्रकार घ्या. क्रम असा (घो घोडा, उं उंट, व वजीर, ह हत्ती, x मारणे, + शह, ०-० राजाच्या बाजूचे आणि ०-०-० वजिराच्या बाजूचे किल्लेकोट): १. ई४ सी५ २. घोएफ३ डी६ ३. डी४ सीxडी४ ४. घोxडी४ घोएफ६ ५. घोसी३ जी६ ६. उंई३ उंजी७ ७. एफ३ ०-० ८. वडी२ घोसी६ ९. उंसी४ उंडी७ १०. ०-०-० हसी८ ११. उंबी३ घोई५.

सहाव्या चालीला घोजी४ खेळण्याचा मोह टाळा. ७. उंबी५+ वर डी७ ला उंट आणला तर तो राजापुढे जखडतो आणि पांढरा वजीर जी४ चा घोडा फुकट मारतो.

१२. एच४ ला एच५ हे भक्कम उत्तर आहे. पांढऱ्याला एच-पट्टी सहजी उघडता येत नाही.

आता खरा मुद्दा. पांढऱ्याचा सी३ चा घोडा ई४ ला आधार देतो, राजाची ढाल असतो आणि डी५ वर येऊन एफ६ चा आपला रक्षक घोडा उडवू शकतो. म्हणून हxसी३, बीxसी३ हा हल्ला तर आहेच, पण बचावही आहे! ५ गुणांचा हत्ती देऊन ३ गुणांचा घोडा घेतलात. बदल्यात पांढऱ्याची प्यादी दुभंगली. पुढे वए५, दुसरा हत्ती सी८ वर, आणि सी३ व ए२ वर मारा.

हा बळी बहुधा घाईमुळे फसतो. डी२ चा वजीर सी३ वर परत मारू शकत असेल, तर आधी ती शाखा शेवटपर्यंत तपासा. उत्तम संधी उंएच६ नंतर येते: उंxएच६, वxएच६ झाले की वजीर सी३ पासून दूर जातो, आणि मगच हxसी३. एफ६ चा घोडा मात्र जागचा हलवू नका, एच७ त्याच्याच भरवशावर असते.

दिवसांचा हिशेब: १० चालींना ५० दिवस असतील तर माहितीच्या पहिल्या चाली लगेच पाठवा, वाचलेले दिवस १२ ते २० या चालींना लागतात. विश्लेषण हाताने पटावर मांडा, आणि संगणकाची मदत चालते का हे त्या स्पर्धेच्या नियमांत आधीच पाहा.

पाठवण्यापूर्वी अंक पुन्हा वाचा. अंकलेखनात प्रत्येक घर दोन अंकांनी लिहितात, आधी स्तंभ (ए=१, बी=२, सी=३...), मग ओळ; म्हणून सी८ वरून सी३ म्हणजे ३८३३. ३८३४ लिहिलेत आणि ती चाल नियमात बसत असेल, तर तीच धरली जाते. जर-तर चाली (प्रतिस्पर्ध्याने अमुक खेळले तर माझे उत्तर हे, असे आधीच कळवणे) फक्त एकच उत्तर शक्य असेल तिथेच द्या.