फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप: या चुका टाळा, मग टॉवरला शिव्या द्या

हॉटस्पॉट लावला आणि नेट चाललं नाही, म्हणजे टॉवरच खराब. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत हे निदान इतकं पाठ झालंय की फोनची सेटिंग्ज न उघडताच लोक सिम पोर्ट करायला दुकान गाठतात. टॉवर अगदीच साव असतो असं नाही. पण बहुतेक वेळा घोळ टेबलावरच असतो. आपण घरच्या ब्रॉडबँडवर नसून एका फोनच्या २ जीबीवर दिवस काढतोय, हे लॅपटॉपला कुणी सांगितलेलंच नसतं.

लॅपटॉपला न सांगणं

ही सगळ्यांत महागडी चूक, म्हणून आधी हीच.

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आठवड्यातलं नेहमीचं चित्र घ्या. पुण्यात नोकरी करणारा मुलगा सत्तरीतल्या घरी आलाय. सुट्टी तीनच दिवसांची, चौथ्या दिवसापासून घरूनच काम. फोनमध्ये रोज २ जीबीचा पॅक. साडेनऊला लॅपटॉप उघडला, दहाला मीटिंग सुरू झाली, पाच मिनिटांत आवाज तुटायला लागला आणि पावणेअकराला सगळंच ठप्प. मग काय, फोन दोनदा बंद-चालू, तीन वेळा स्पीड टेस्ट, शेवटी शेजारच्या काकांचं दुसऱ्या कंपनीचं सिम मागून आणलं. दुसऱ्या दिवशी अकराच्या आत तेही संपलं. घरातल्यांचा निष्कर्ष ठरलेला: या वाड्यावर नेट चालतच नाही.

खरं काय झालं होतं? पहिल्या रात्री आरती आणि फुगड्यांचे बारा मिनिटांचे व्हिडिओ फोनवर काढले. फोरकेमध्ये, कारण फोनला ते जमतं. फोनमधली जागा भरली म्हणून केबल लावून ते लॅपटॉपच्या 'पिक्चर्स' फोल्डरमध्ये टाकले. त्या फोल्डरचा वनड्राइव्ह बॅकअप (फाइली आपोआप इंटरनेटवर चढवणारा) चालू होता. फोरकेचं चित्रीकरण मिनिटाला दीडशे ते साडेतीनशे एमबी खातं, म्हणजे बारा मिनिटांचे सहज दोन ते चार जीबी. सकाळी हॉटस्पॉट जोडताच लॅपटॉपने इमानदारीने ते वर चढवायला घेतले. फोनमधून उतरवलेले व्हिडिओ त्याच फोनमधून पुन्हा बाहेर निघाले, आणि जाता जाता दोन माणसांचा दिवसाचा डेटा घेऊन गेले.

यात दोन गोष्टी वेगवेगळ्या बघायच्या. पॅक संपला पावणेअकराला, पण आवाज दहा वाजून पाच मिनिटांपासून तुटत होता. मोबाइल नेटवर्कवर खाली येण्याच्या मानाने वर जाण्याची वाट फार अरुंद असते. तीच बॅकअपने अडवली की आपल्या आवाजाची पाकिटं मागे रांगेत उभी राहतात. म्हणून स्पीड टेस्टमध्ये डाउनलोडचा आकडा झकास दिसतो आणि समोरचा मात्र 'ऐकू येत नाही' म्हणत राहतो. पॅक संपल्यावर तर वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला ८ केबी, एक एमबी उतरवायला दोन मिनिटांच्या वर. नेट 'चालू' दिसतं, पान मात्र उघडत नाही.

उपाय दीड मिनिटाचा आहे. विंडोज ११ वर हॉटस्पॉट जोडा, सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, जोडलेल्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज, आणि 'मीटर्ड कनेक्शन' (म्हणजे इथे डेटा मोजून मिळतो) चालू करा. विंडोज १० मध्येही वायफायच्या नेटवर्कवर क्लिक केलं की 'सेट ॲज मीटर्ड कनेक्शन' सापडतं. यानंतर विंडोजचे बहुतेक अपडेट थांबतात, वनड्राइव्हही थांबतो. मॅकवर सिस्टिम सेटिंग्ज, वायफाय, नेटवर्कच्या नावापुढचं डिटेल्स, तिथे 'लो डेटा मोड'. गूगल ड्राइव्ह किंवा इतर बॅकअपच्या भरवशावर राहू नका. घड्याळाजवळच्या आयकॉनवर क्लिक करून ते हाताने पॉज करा. काम सुरू करण्याआधी हे करायची सवय लावा, मीटिंग तुटल्यावर नव्हे.

आता त्यातली मेख. हे सेटिंग त्या एका नेटवर्कच्या नावापुरतं असतं. हॉटस्पॉटचं नाव बदललं, बायकोच्या फोनवर गेलात, की पुन्हा पहिल्यापासून. आणि यूएसबी केबलने नेट घेतलं तर विंडोजच्या लेखी ते वायफाय नसतंच, ते इथरनेट (तारेचं नेट) होतं. 'केबल लावलीस तर नेट जास्त स्थिर राहतं' हा सल्ला बरोबर आहे, पण तो देणारा पुढचं वाक्य सांगत नाही. केबल लावल्यावर सेटिंग्जमध्ये इथरनेटच्या पानावर जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' वेगळं चालू करावं लागतं. वायफायवर शिस्तीत वागणारा लॅपटॉप केबलवर मोकाट सुटतो, त्याचं कारण हेच.

डेटा कुठे गेला हे विचारत बसण्यापेक्षा बघा. विंडोज ११ मध्ये ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जच्या आत 'डेटा युसेज' आहे, प्रत्येक ॲपने किती खाल्लं ते तिथे आकड्यात दिसतं. तिथेच मर्यादाही घालता येते. तोंडी हिशेबाला एकच आकडा पाठ ठेवा: १ एमबीपीएसचा प्रवाह तासभर चालला की ४५० एमबी. व्हिडिओ कॉलमध्ये वर १ आणि खाली १ धरलं तर तासाला ९०० एमबी. दोन तासांची मीटिंग, पॅक संपला. आपला कॅमेरा बंद केला की अर्धा भार उतरतो.

आणि ती स्पीड टेस्ट! ३०० एमबीपीएसच्या ५जीवर दहा सेकंदांची टेस्ट नुसत्या डाउनलोडमध्ये ३७५ एमबी घेते. नेट मंद आहे का हे बघायला लोक दिवसाचा पाचवा हिस्सा जाळतात, मग पुन्हा एकदा करून खात्री करतात.

फोन आपल्याजवळ ठेवणं

दुसरी लाडकी चूक. लॅपटॉप जिथे, फोनही तिथेच, शक्यतो शेजारी उताणा. का, तर जवळ असला की नेट जोरात. जोर कुठला लागतो हे उलटं समजलेलं आहे. फोन ते लॅपटॉप हे अंतर पाच-सात मीटरचं. टॉवर ते फोन हे अंतर किलोमीटरांत, आणि मधे डोंगर, सडा (खडकाळ पठार), माडांच्या बागा. कमकुवत दुवा तो आहे.

गोव्यातली घरं या बाबतीत फार वाईट. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) जाड भिंत, जुन्या घरात तर दीड-दोन फुटी मातीची. चिरा सच्छिद्र, पावसात पाणी पितो, आणि पाणी रेडिओ लहरी खातं. वरून गच्चीवर पावसासाठी घातलेलं पत्र्याचं छप्पर. पत्र्यातून सिग्नल येत नाही, विषय संपला. जो येतो तो खिडक्या-दारांतून. आणि घर कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) खळग्यात असेल तर तेवढाही मोजूनमापून.

म्हणून फोन खिडकीत, उंचावर, टॉवरच्या दिशेला. लॅपटॉप आत कुठेही बसवा. कुठली खिडकी चांगली हे सिग्नलच्या दांड्यांवरून ठरवू नका, दांड्या कशा दाखवायच्या हे फोन कंपनी ठरवते. अँड्रॉइडमध्ये अबाउट फोन, सिम स्टेटस, तिथे सिग्नल स्ट्रेंग्थ डीबीएममध्ये (सिग्नल मोजायच्या एककात) दिसते. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की फील्ड टेस्ट उघडते, त्यात आरएसआरपी, म्हणजे सिग्नलच्या जोराचा आकडा, बघा. उणे ८०-९० असेल तर उत्तम, उणे १००च्या आसपास काम भागतं, उणे ११०च्या खाली गेलं की तिथे बसून नशीब आजमावू नका. दोन खोल्या आणि बाल्कांव (घरापुढचा व्हरांडा) मिळून पाच जागा तपासा, प्रत्येक जागी अर्धा मिनिट थांबा, आकडा स्थिरावू द्या. घाईने फोन हातात घेऊन घरभर फिरणाऱ्याला काहीच कळत नाही, कारण आकडा त्याच्या मागून येत असतो.

फोन खिडकीत गेल्यावर लॅपटॉपपर्यंतचा प्रश्न उरतो. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड (रेडिओ लहरींचा पट्टा) असतो: एकाच खोलीत असाल तर ५ गिगाहर्ट्झ, मधे चिऱ्याची भिंत असेल तर २.४. पणजी-मडगावच्या इमारतींत २.४वर शेजाऱ्यांची गर्दी असते, तिथे शक्यतो ५. नव्या आयफोनवर २.४ हवं तर 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी' चालू करा. जुन्या लॅपटॉपला फोनचा हॉटस्पॉट दिसतच नसेल तर बरेचदा कारण हेच, त्याच्या वायफाय कार्डाला ५ ठाऊकच नसतं. यूएसबी ३ची हार्डडिस्क चालू असेल तर २.४वरचा फोन तिच्याजवळ ठेवू नका. तिच्या केबलमधून निघणारा गोंगाट नेमका त्याच पट्ट्यात पडतो.

दांड्या पूर्ण, आकडा उणे ७५, तरीही काही उघडत नाही, असं असेल तर ती गर्दी. डिसेंबरअखेरचं कळंगुट-बागा किंवा चवथीचा कुठलाही वाडा. टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते, खिडकी बदलून ती वाढत नाही. मोठ्या फाइली पहाटे पाठवा, कॉल नुसत्या आवाजावर घ्या, आणि दुसऱ्या कंपनीचं सिम जवळ ठेवा. इथे सिम बदलणं हा खरा उपाय आहे.

केबल

यूएसबी टेदरिंगचं (केबलने फोनचं नेट देण्याचं) बटण राखाडी दिसतंय म्हणून फोन बिघडला असं नाही. आधी केबल जोडायची, मग ते बटण जागं होतं. जोडूनही झोपलेलंच असेल तर केबल फक्त चार्जिंगची आहे. तिच्यात डेटाच्या तारा नसतात. ओळखायची खूण: केबल लावल्यावर फोनवर फाइल ट्रान्सफरचा पर्यायच येत नाही. आयफोन विंडोजला जोडायचा तर लॅपटॉपवर आयट्यून्स किंवा ॲपल डिव्हायसेस हवं, आणि फोनवर 'ट्रस्ट' दाबावं लागतं. मॅकवर मात्र बऱ्याच अँड्रॉइड फोनचं यूएसबी टेदरिंग सरळ चालत नाही, तिथे तास घालवू नका, वायफाय लावा.

ब्लूटूथ टेदरिंग: बॅटरी वाचते, वेग एक-दोन एमबीपीएस. ईमेलपुरतं ठीक.

बारीकसारीक, पण रोजचं

लॅपटॉप झाकून चहाला गेलात, परत आल्यावर नेट नाही. कुणी जोडलेलं नसेल तर फोन काही मिनिटांत हॉटस्पॉट आपोआप बंद करतो. अँड्रॉइडमध्ये हे बंद करता येतं. आयफोनवर पुन्हा जोडताना पर्सनल हॉटस्पॉटचं पान उघडं ठेवा.

पासवर्ड काढून टाकणं. 'आमच्या गावात कोण येतंय?' किनारपट्टीवर शेजारच्या खोलीत रोज नवा पाहुणा येतो, आणि सिम तुमच्या नावावर आहे. जुना लॅपटॉप जोडत नसेल तर हॉटस्पॉटची सुरक्षापद्धत डब्ल्यूपीए३ वरून जुन्या डब्ल्यूपीए२वर आणा, ओपन (बिनपासवर्ड) नव्हे.

दोन सिम असतील तर डेटा कुठल्या सिमवर आहे ते बघा. बऱ्याच फोनमध्ये दुसऱ्या सिमवर कॉल आला की पहिल्याचा डेटा थांबतो. मीटिंगच्या वेळेत दुसरं सिम बंद करणं हा सरळ उपाय.

'अनलिमिटेड ५जी' आहे म्हणून निर्धास्त राहणं. फोन ५जीवर असेपर्यंतच ते अनलिमिटेड. आतल्या खोलीत फोन मुकाट्याने ४जीवर उतरतो आणि रोजच्या पॅकातून कापायला लागतो. ५जी सतत ये-जा करत असेल तर फोन ४जीवर अडकवून ठेवला की कॉल स्थिर राहतो, पण मग डेटा मोजावा लागणार. दोन्ही एकदम मिळत नाही.

पोळे, लोलये, मोले, चोर्ला घाट. गोवा महाराष्ट्राबरोबर एका टेलिकॉम सर्कलमध्ये आहे, कर्नाटक वेगळं. सीमेजवळ फोन पलीकडचा टॉवर धरू शकतो. 'आर' (रोमिंगची खूण) दिसला आणि डेटा गेला तर डेटा रोमिंग चालू करा.

फोनवर व्हीपीएन (नेटची वाहतूक गुप्त वाटेने नेणारं ॲप) लावून लॅपटॉप सुरक्षित झाला असं मानणं. अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉटची वाहतूक साधारणपणे त्या व्हीपीएनमधून जात नाही. लॅपटॉपवर वेगळा लावा.

फोनच्या नेटवर घरचा सीसीटीव्ही किंवा संगणक बाहेरून उघडायचा प्रयत्न. पोर्ट फॉरवर्डिंगचे (बाहेरून आत यायची वाट उघडण्याचे) व्हिडिओ बघून रात्र घालवणारे पुष्कळ. मोबाइल नेटवर आयपीव्ही४चा सार्वजनिक (इंटरनेटवरचा) पत्ता बहुतेक करून अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, बाहेरून आलेली जोडणी तुमच्यापर्यंत पोचतच नाही.

जोडलंय, पण इंटरनेट नाही, आणि फोनवरही नाही? मग एपीएन (फोनला कंपनीच्या नेटशी जोडणारं सेटिंग) रीसेट टू डिफॉल्ट. फोनवर चालतंय, लॅपटॉपवर नाही? लॅपटॉपवर ते नेटवर्क 'फरगेट' करून पुन्हा जोडा.

वीज गेल्यावर

पावसात वीज जाते, ब्रॉडबँडचा राउटर बंद पडतो, आणि सगळे हॉटस्पॉटकडे वळतात. तेव्हा फोन केबलने लॅपटॉपला जोडणं ही चूक, कारण तो लॅपटॉपची बॅटरी पितो. साधा यूएसबी २चा पोर्ट ५०० मिलिअँपियर देतो, म्हणजे अडीच वॉट. तेवढ्यात ५जी हॉटस्पॉटचा खर्चही कधीकधी भागत नाही, दोघेही एकदम उतरतात. फोनला पॉवर बँक लावा, लॅपटॉपला वायफायवरून नेट द्या. फोनचं कव्हर काढा, उशीवर किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. तापला की तो आधी चार्जिंग मंद करतो, मग ५जी सोडतो. टॉवरलाही बॅटरीच असते. वीज तासन्तास आली नाही तर तोही जातो, म्हणून जी फाइल पाठवायची ती वीज गेल्याच्या पहिल्या अर्ध्या तासात पाठवून मोकळे व्हा.