बूस्टर क्लबचे ट्रेझरर झालात? मग हिशोब असा ठेवा

इथे अमेरिकेत मुलं पब्लिक हायस्कूलला गेली की बँड, रोबोटिक्स, सॉकर असं काहीतरी सुरू होतंच आणि त्याच्या मागोमाग त्यासाठी पैसे जमवणारा पालकांचा बूस्टर क्लब येतो. ऑगस्टच्या मीटिंगला कोणीतरी म्हणतं तुम्ही हिशोबात पक्के दिसता, ट्रेझरर तुम्हीच व्हा. मलाही नाही म्हणता आलं नाही.

पहिल्याच फुटबॉल मॅचनंतर कन्सेशन स्टँडचा (मॅचला खाणंपिणं विकायचा स्टॉल) गल्ला माझ्या हातात आला तो बुटाच्या खोक्यात. नाचोच्या चीजने चिकटलेल्या एक-एक डॉलरच्या नोटा, सोबत कागदाचा चिटोरा पण नाही, सुट्टे म्हणून आधी किती ठेवले होते तेही कुणाला माहीत नाही. घरी डायनिंग टेबलवर मोजले तर ६१२ डॉलर भरले, आणि मग पोटात गोळा आला, कारण मी ५०० सांगितले असते तरी कुणाला कळलं नसतं आणि उद्या कुणी ७०० होते म्हणालं तर माझ्याकडे दाखवायला काय होतं?

म्हणून सगळ्यात आधी रोख रकमेची शिस्त लावा. पैसे जिथे जमले तिथेच, दोन जणांनी मिळून मोजायचे, आणि ते दोघं नवरा-बायको नकोत. सुरुवातीचे सुट्टे किती, शेवटी किती, दोघांच्या सह्या, कागदाचा फोटो लगेच ग्रुपवर. मग पैसे बँकेत, शक्यतो त्याच रात्री नाइट डिपॉझिटमधे (बँक बंद असताना पैसे टाकायची पेटी) नाहीतर दुसऱ्या दिवशी. त्याच रोकडीतून पिझ्झावाल्याला द्यायचं नाही, आधी सगळं जमा, खर्च नंतर चेकने. कटकट वाटते पण हे चोर पकडायला नाहीये हो, प्रामाणिक माणसावर बोट उठू नये म्हणून आहे.

खातं क्लबच्याच नावावर आणि क्लबच्या स्वतःच्या ईआयएनवर (संस्थेचा टॅक्स नंबर) हवं. शाळेचा नंबर वापरायचा नाही, आणि स्वतःच्या व्हेन्मोवर (फोनवरून पैसे पाठवायचं ॲप) पैसे घेणं तर अजिबात नको. चेकवर दोन सह्या ठेवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ज्याला सहीचा अधिकार नाही अशा एका पालकाने दर महिन्याला बँक स्टेटमेंट स्वतः उघडून बघायचं, ट्रेझररने प्रिंट काढून आणलेलं नाही. माझ्या मते एवढी एकच गोष्ट केली तरी अर्धं काम झालं.

आता जिथे भले भले चुकतात ते. ज्याने जास्त चॉकलेटं विकली त्याच्या मुलाच्या ट्रिपची फी तेवढी कमी, हे न्याय्य वाटतं, पण क्लबला ५०१(सी)(३), म्हणजे करमाफ धर्मादाय संस्थेचा, दर्जा असेल तर चालत नाही कारण पैसा सगळ्या मुलांसाठी आहे. व्हर्जिनियातल्या कॅपिटल जिम्नॅस्टिक्स बूस्टर क्लबची करसवलत याच, जितकी विक्री तितके पॉइंट आणि तितकी फी कमी, या पद्धतीमुळे गेली आणि २०१३ मधे टॅक्स कोर्टानेही तो निर्णय कायम ठेवला. फंडरेझिंग न केलेल्या पालकाच्या मुलालाही सारखाच वाटा, हे पहिल्या मीटिंगलाच स्पष्ट सांगा, नंतर सांगितलं की भांडणं होतात.

आयआरएसचं, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याचं, काम लहान क्लबला फार नाही. वर्षाची एकूण जमा साधारण ५०,००० डॉलरपर्यंत असेल तर दरवर्षी ९९०-एन हा फॉर्म भरायचा, ऑनलाइन, अगदी थोड्या वेळात होतं. वर्ष ३० जूनला संपत असेल तर मुदत १५ नोव्हेंबर. पण सलग तीन वर्षं राहून गेलं तर दर्जा आपोआप रद्द होतो, आणि दरवर्षी ट्रेझरर बदलतो तिथे मागच्याने केलं असेल असं धरून हे सहज होतं. आयआरएसच्या साइटवर क्लबचं नाव टाकून दर्जा चालू आहे ना ते आजच बघा. आणि २५० डॉलर किंवा जास्त देणाऱ्याला लेखी पावती द्या, त्याशिवाय त्याला वजावट मिळत नाही.

दर मीटिंगला एका पानाचा हिशोब वाचून दाखवा, किती आले, किती गेले, किती शिल्लक, आणि कुणी पावती मागितली तर राग मानू नका.

वर्ष संपताना नव्या ट्रेझररला घेऊन स्वतः बँकेत जा, जुन्या सह्या काढा, पासवर्ड बदला. मी गेले तेव्हा चार वर्षांपूर्वीच्या प्रेसिडेंटची सही खात्यावर अजून चालू होती, त्यांची मुलगी तोवर कॉलेज संपवत आली होती.